सूर्याजी पिसाळ निवडणुकीच्या सभेत येतो तेव्हा

#थ्रेड #सातारा #इतिहास

१/ १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सातारा जिल्ह्यात एक नाव गाजत होते. त्या नावाचा माणूस उमेदवार नव्हता, मतदारही नव्हता. तो जाऊन अडीच शतके उलटली होती. ते नाव म्हणजे सूर्याजी पिसाळ. वाईचा देशमुख, १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला तो याच्या फितुरीने, असे परंपरा सांगते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात हे नाव चिकटवले गेले ते कऱ्हाडचे उमेदवार आणि मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना.

२/ निवडणुकीत प्रतिस्पर्ध्याला झोडपणे आणि त्याच दमात सामान्य मतदाराला 'तुझा माणूस मीच' म्हणून जवळ करणे, ही रीत आजची नव्हे. इ.स.पू. ६४ मध्ये रोमच्या कॉन्सलपदासाठी उभ्या असलेल्या सिसेरोने कॅटिलाइन आणि अँटोनियस या प्रतिस्पर्ध्यांचे भर सिनेटमध्ये वाभाडे काढले होते. त्याच निवडणुकीसाठी त्याच्या भावाने लिहिले असे मानले जाणारे पत्र आजही वाचले जाते. लोकांना नावाने ओळखा, कोणाला नकार देऊ नका आणि विरोधकांचे दोष लोकांच्या तोंडी राहतील असे पाहा, हे त्याचे सार.

३/ तंत्र दोन हजार वर्षांचे आहे. त्यात नवल उरलेले नाही. खरा प्रश्न मतदाराचा आहे. तो हे तंत्र किती मनावर घेतो? या प्रश्नाचे उत्तर शोधायला सातारा जिल्ह्याइतका चांगला प्रदेश मिळणे कठीण. आणि जिल्ह्याकडे पाहायला रहिमतपूरसारखे ठिकाण नाही.

४/ रहिमतपूर हे कोरेगाव तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. पुणे–मिरज लोहमार्गावर, सातारा आणि कऱ्हाड यांच्या दरम्यान. एकोणिसाव्या शतकातच येथे नगरपालिका आली. म्हणजे 'मत मागणे' ही गोष्ट या गावाला बऱ्याच मोठ्या शहरांइतकीच जुनी आहे. पिसाळांची वाई, चव्हाणांचे कऱ्हाड, फुले घराण्याचे मूळ गाव कटगुण आणि एका वादग्रस्त भाषणासाठी लक्षात राहिलेले फलटण, या कथेतली ही सारी गावे रहिमतपूरच्या भोवतीच वसलेली आहेत.

५/ गावात एक जुनी मशीद आणि एक कबर आहे. परंपरा ती कबर रणदुल्लाखान या आदिलशाही सरदाराची मानते. १६३६ मध्ये शहाजीराजे माहुलीच्या किल्ल्यात अडकले, तेव्हा वेढा घालणाऱ्या मोगल फौजेच्या जोडीला आदिलशाहीकडून आला होता तो हाच रणदुल्लाखान. आणि त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, शहाजीराजे आदिलशाहीत गेल्यावर, कर्नाटकच्या मोहिमेत हे दोघे एकाच बाजूने लढत होते.

६/ म्हणजे 'शत्रू', 'मित्र', 'फितूर' हे शब्द सतराव्या शतकातही वर्षागणिक जागा बदलत होते. निष्ठा, वतन, पोटापाण्याची सोय, दरबारातले वजन अशा अनेक गोष्टी त्यामागे असत. निवडणुकीच्या सभेला एवढा गुंता परवडत नाही. सभेला दोनच माणसे लागतात: एक मावळा आणि एक पिसाळ. इतिहासाचे प्रेम असणाऱ्यांनी पहिला सावध पवित्रा घ्यायचा तो येथेच.

७/ पण म्हणून जहाल भाषा सरसकट वाईट ठरत नाही. महात्मा फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८० च्या दशकाच्या आरंभी लिहिला गेला. भाषा नावाप्रमाणेच फटकारणारी. मात्र तो फटका कशावर आहे ते पाहावे: शेतसाऱ्याची आकारणी, कोर्टकचेऱ्यांतली लूट, जंगलखात्याने बंद केलेली चराई, पाटाच्या पाण्याचा कारभार. प्रत्येक आरोप शेतकरी आपल्या बांधावर उभा राहून तपासू शकत होता.

८/ हीच धार १९२० च्या आसपास सत्यशोधक जलशांनी साताऱ्याच्या खेड्यांत नेली. तमाशाचीच चौकट, पण विषय सावकारी, भिक्षुकी आणि अज्ञान यांचा. ज्यांच्या हाती छापखाना नव्हता, वर्तमानपत्र नव्हते, त्यांच्या हाती डफ आणि जीभ होती. अशा माणसाला 'जरा सौम्य बोला' असा उपदेश करणे म्हणजे त्याचे एकमेव हत्यार काढून घेणे होय. या हत्याराने शेकडो गावांत प्रश्न विचारण्याचे धैर्य पेरले, हे नाकारता येत नाही.

९/ त्याच सुमारास १९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतिक कौन्सिलांची दारे थोडी उघडली. मताचा हक्क मालमत्ता आणि शेतसारा यांवर ठरत असल्यामुळे मतदार थोडे होते. तरी मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव ठरल्या. 'सामान्य माणसाचा प्रतिनिधी कोण?' हा प्रश्न पहिल्यांदाच मतपेटीपर्यंत आला. साताऱ्याच्या राजकारणातून पुढे आलेले भास्करराव जाधव याच दशकात मुंबई सरकारात मंत्री झाले.

१०/ या वादाला खतपाणी मिळाले होते अथणीच्या एका सभेतून. शेतकरी, तेली, तांबोळी यांनी कौन्सिलात जाऊन काय करायचे, अशा आशयाचे लोकमान्य टिळकांचे उद्गार तेथून गाजले. त्यांचे नेमके शब्द आणि संदर्भ यांवर आजही वाद होतो. पण ब्राह्मणेतर पक्षाला त्याहून मोठे प्रचारसाहित्य कोणी पुरवले नसते. एका वाक्याने एका नेत्याचे आयुष्यभराचे काम काही श्रोत्यांपुरते झाकून टाकले.

११/ १९२५ मध्ये दिनकरराव जवळकर यांची 'देशाचे दुश्मन' ही पुस्तिका निघाली. 'दुश्मन' कोण, तर विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि लोकमान्य टिळक. खटला झाला, शिक्षा झाली; अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाजू मांडली आणि आरोपी सुटले. पुस्तिकेमागचा संताप खरा होता. तिचे शीर्षक मात्र एका नव्या वळणाची खूण होती. फुल्यांचा असूड प्रामुख्याने व्यवस्थेवर चालला होता. आता माणसाच्या कपाळावर 'दुश्मन' असा शिक्का उठू लागला.

१२/ फरक बारीक वाटतो, पण तो निर्णायक आहे. 'सावकाराने व्याजाचा हिशेब खोटा लिहिला' या आरोपाला वही उघडून उत्तर देता येते. 'तू देशाचा दुश्मन आहेस' या आरोपाला कोणती वही उघडायची? पहिला आरोप मतदाराला न्यायाधीश बनवतो. दुसरा त्याला केवळ जमावातला एक आवाज बनवतो.

१३/ १९३७ ची निवडणूक या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. साताऱ्यात ब्राह्मणेतर पक्षाचे नेते होते धनजीशा कूपर. पारशी उद्योगपती आणि मुरब्बी राजकारणी. काँग्रेसवरचा त्यांच्या गोटाचा ठरलेला घाव म्हणजे 'शेटजी-भटजींचा पक्ष'. उलट काँग्रेसचा घाव असा की, ही मंडळी इंग्रज सरकारच्या ताटाखालची मांजरे. दोन्ही आरोपांत तथ्याचा अंश होता. म्हणूनच ते लागत.

१४/ यावर जिल्ह्यातल्या तरुण कार्यकर्त्यांनी काय केले? त्यांनी आणखी मोठी शिवी शोधली नाही. त्यांनी आग्रह धरला की काँग्रेसची उमेदवारी शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला मिळाली पाहिजे. नाव पुढे आले बोरगावच्या आत्माराम बापू पाटील यांचे. विद्यार्थिदशेतले यशवंतराव चव्हाण या खटपटीत होते. 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात त्यांनी ती हकीगत सांगितली आहे. उमेदवारी मिळाली आणि आत्माराम पाटील निवडून आले.

१५/ 'शेटजी-भटजींचा पक्ष' या आरोपाला इतके चोख उत्तर भाषणातून देता आले नसते. आरोपात जे खरे होते ते मान्य करून पक्षानेच आपली उमेदवारी बदलली. कूपर काँग्रेसच्या नकारामुळे एप्रिल ते जुलै १९३७ असे काही महिने मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले खरे. पण त्यांच्या राजकारणाखालची जमीन सरकली होती. टीकेचा खरा उपयोग असा असतो: ती विरोधकाला सुधारायला भाग पाडते.

१६/ पुढे १९४२ चे आंदोलन आणि नाना पाटलांचे प्रतिसरकार. लोकांनी त्याला 'पत्री सरकार' म्हटले. खबऱ्यांच्या तळपायांना पत्री ठोकतात अशी बोलवा होती, त्यातून हे नाव पडल्याचे सांगतात. सरकारदरबारी ही दहशतीची खूण. खेड्यांत तेच नाव धाकाने आणि कौतुकाने घेतले जाई. लावलेला शिक्का कोणत्या बाजूने वाचायचा हे शेवटी ऐकणारा ठरवतो, याचा हा नमुनाच.

१७/ आता १९५७. पार्श्वभूमी जड होती. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाले. हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला गुजरातसह द्विभाषिक मुंबई राज्य लादले गेले आणि त्याचे मुख्यमंत्री झाले यशवंतराव चव्हाण.

१८/ त्याआधी १९५५ च्या अखेरीस फलटणला चव्हाण बोलून गेले होते की, संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूने उभे राहू. अथणीनंतरचे हे दुसरे असे वाक्य. विरोधकांनी ते गावागावांत पोहोचवले. आचार्य अत्रे यांचा 'मराठा' नोव्हेंबर १९५६ मध्ये सुरू झाला आणि उपहासाला रोजचे व्यासपीठ मिळाले. सूर्याजी पिसाळ सभेत आला तो या वाटेने.

१९/ दुसऱ्या बाजूचे शब्दही मऊ नव्हते. समिती म्हणजे कम्युनिस्टांचा मुखवटा, भाषेच्या नावाखाली देश फोडणारी मंडळी, असा काँग्रेसचा प्रचार होता. ज्या जिल्ह्यात नाना पाटलांनी परकीय सत्तेला चार वर्षे झुंजवले, तेथे त्यांच्यासारख्यांच्या देशनिष्ठेवर शंका घेतली जावी, हा त्या निवडणुकीतला सर्वांत मोठा विरोधाभास.

२०/ निकाल काय लागला? सातारा लोकसभा मतदारसंघातून कम्युनिस्ट पक्षाचे नाना पाटील निवडून आले. पुण्यात काकासाहेब गाडगीळ यांना ना. ग. गोरे यांनी हरवले. दादरमधून अत्रे विधानसभेत गेले. पश्चिम महाराष्ट्रात समितीची लाट होती. आणि कऱ्हाडात, लाटेच्या ऐन मध्यावर, शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव पवार यांच्याविरुद्ध यशवंतराव चव्हाण निवडून आले. मताधिक्य दोन हजारांच्याही आत.

२१/ या निकालाकडे 'थोडक्यात वाचले' एवढ्यावर थांबून पाहू नये. मतदाराने द्विभाषिकाला नकार दिला, तो ठणठणीत दिला. पण त्याच मतदाराने चव्हाणांना पिसाळ मानायलाही, अगदी काठावरून का होईना, नकार दिला. लोकांनी धोरणाला शिक्षा केली. माणसाला देशद्रोही ठरवण्याचा ठराव मंजूर केला नाही. सभेतल्या टाळ्या एका बाजूला पडल्या आणि मतपेटीने त्यातले निवडून घेतले.

२२/ पुढचा प्रसंग याच जिल्ह्यातला. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण नेहरूंच्या हस्ते झाले. समितीने काळी निशाणे घेऊन प्रचंड निदर्शने केली आणि ती शांततेत पार पाडली. दिल्लीपुढे त्या दिवशी जो युक्तिवाद उभा राहिला, तो कोणत्याही विशेषणाने उभा केला नसता. शिस्तीने उभी असलेली हजारो माणसे कोणाला फितूर म्हणत नव्हती. ती फक्त आपले राज्य मागत होती.

२३/ १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले आणि ज्याला पिसाळ म्हटले गेले तोच त्याचा पहिला मुख्यमंत्री झाला. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. त्याच वर्षी चीनच्या आक्रमणानंतर चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा महाराष्ट्र म्हणाला, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. पाच वर्षांत पिसाळाचा सह्याद्री झाला. माणूस तोच होता.

२४/ यात दोन्ही उपमा तपासण्याजोग्या आहेत. पण एक हिशेब कोणीच मांडत नाही: या साऱ्यात खुद्द सूर्याजी पिसाळाचे काय झाले? रायगडच्या पाडावात त्याचा वाटा नेमका किती, यावर काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे. गड पडला तेव्हा संभाजी महाराजांची हत्या झालेली होती, राजाराम महाराज जिंजीकडे निघाले होते आणि वेढा महिनोन्महिने चालला होता. एवढ्या मोठ्या घटनेचे कारण एका वतनदाराच्या लोभात गुंडाळणे सोपे असते. सभेला सोपेच हवे असते.

२५/ म्हणून इतिहासातल्या खलनायकाचे नाव विरोधकाला देण्यात दुहेरी नुकसान आहे. वर्तमानातला प्रश्न बाजूला पडतो आणि भूतकाळातला माणूस कायमचा पुतळा होऊन बसतो, त्याच्याविषयी नवा कागद सापडला तरी कोणी वाचत नाही. १९५७ मधला खरा प्रश्न होता: मुंबई कोणाची, भाषिक राज्याला नकार का, सत्तेत राहून आतून प्रयत्न करणे योग्य की बाहेर पडणे? हा वाद आजही चर्चेला योग्य आहे. लोकांच्या स्मरणात मात्र उरली ती शिवी.

२६/ साताऱ्याचे अलीकडचे उदाहरणही या सूत्रात बसते. १८ ऑक्टोबर २०१९ रोजी लोकसभा पोटनिवडणुकीच्या प्रचारात साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले. ते भाषण पावसामुळे गाजले. पण त्यातले वजनदार वाक्य वेगळे होते: लोकसभेच्या उमेदवाराची निवड करताना आपली चूक झाली, अशी त्यांनी कबुली दिली. पक्ष सोडून गेलेल्या उदयनराजे भोसले यांच्यावरची ती टीकाच होती. पण ती स्वतःकडून सुरू झाली होती. श्रीनिवास पाटील विजयी झाले.

२७/ आणि २०२४ मध्ये याच मतदारसंघाने उदयनराजे यांना पुन्हा लोकसभेत पाठवले. हा चंचलपणा म्हणायचा का? १९५७ आणि १९६२ शेजारी ठेवून पाहिले तर तसे वाटत नाही. सातारकर मतदार कोणाच्याही कपाळावर कायमचा शिक्का मारायला तयार नसतो. प्रत्येक वेळी तो समोरच्या प्रश्नाचा निकाल देतो. शिक्के मारण्याची घाई वक्त्यांना असते.

२८/ २०२२ आणि २०२३ च्या पक्षफुटींनंतर 'गद्दार', 'खोके', 'खंजीर' हे शब्द महाराष्ट्रात इतके वापरले गेले की त्यांची नाणी गुळगुळीत झाली. प्रत्येक बाजूकडे आपापला पिसाळ आणि आपापले मावळे आहेत. या गदारोळात कोरेगावच्या शेतकऱ्याचा आल्याचा दर, रहिमतपूरच्या पेठेतली मंदावलेली उलाढाल, पाण्याची पाळी यांवर दोन वाक्ये ऐकू आली तर नशीब. 'सामान्य माणूस' हा शब्द भाषणात असतो. त्याचा प्रश्न असतोच असे नाही.

२९/ इतिहासाच्या वाचकाकडे या प्रचाराला लावायला तीन कसोट्या आहेत. पहिली: आरोप तपासता येतो का? असूडातला येत होता, 'दुश्मन' येत नव्हता. दुसरी: आरोपात तथ्य निघाले तर आरोप झेलणारा बदलू शकतो का? १९३७ मध्ये काँग्रेस बदलली. तिसरी: आरोप करणारा त्याच फूटपट्टीने स्वतःला मोजायला तयार आहे का? या तिन्हींत उतरणारी टीका कितीही तिखट असो, ती लोकशाहीचे काम करते.

३०/ जी टीका या तिन्हींत नापास होते, ती ऐकणाऱ्याला न्यायाधीशाच्या जागेवरून उठवून टाळ्या वाजवणाऱ्यांत बसवते. आणि तिला धार येते ती बहुधा इतिहासातून उसने आणलेल्या नावाने. म्हणून जेव्हा जेव्हा एखादा उमेदवार सभेत सूर्याजी पिसाळाला बोलावतो, तेव्हा इतिहास जाणणाऱ्या तरुणाने पिसाळाचा कागद तर मागावाच. पण त्याआधी उमेदवाराला विचारावे की, ज्या प्रश्नासाठी मत मागायला आलात, तो प्रश्न कोणता?

(समाप्त)